कंपनी तीच, म्हणे!

"नोकरी नाही ओ बदलली. बदली झालीय, बदली!"

हे वाक्य अक्कांनी दूधवाल्याला ऐकवून झालं, भजनी मंडळाला ऐकवून झालं, आणि मंगळवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून माझ्याही वाट्याला आलं. त्यांची बेबी हॉलंडला चाललीय. बेबी म्हणजे सदतिशीची बाई, हिंजवडीत हाताखाली वीस-पंचवीस माणसं, मुलगी पावणेचार वर्षांची. पण विश्रामबागेत ती अजून बेबीच.

आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी आहे. गल्लीत बाकीच्यांनी भिंती वाढवून वर काचा रोवल्या. आमची तेवढी राहिली, कारण वाढवायचा खर्च कुणी करायचा यावर एकमत झालं नाही. बरंच झालं म्हणायचं. अक्कांच्या शेवग्याच्या शेंगा आमच्या बाजूला पडतात आणि बातम्याही.

"म्हणजे कंपनी तीच?" मी विचारलं.

"तीच की. साहेब बदलणार, टेबल बदलणार. बाकी सगळं तेच."

अक्कांचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. कोयनानगर, उजनी, मग मराठवाड्यात कुठं कुठं. ऑर्डर आली की ट्रक यायचा, ट्रकवर सगळ्यात शेवटी सायकल चढायची, नव्या गावात क्वार्टर तयार. सर्व्हिस बुक तेच, पेन्शन तीच. त्या हिशेबानं ॲमस्टरडॅम हे अक्कांच्या लेखी उजनीच्या जरा पुढचं गाव.

"पण पगार कोण देणार अक्का? पुण्याची कंपनी की तिकडची?"

"आता वहिनी, कंपनी एक म्हटल्यावर..."

"नाव एक. कागदावर दोन असतात."

हा प्रश्न मला माझ्या हुशारीनं सुचला असं समजू नका. तो पिंट्यामुळं पाठ झालाय. पिंट्या म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, त्याचं पुढं सांगतेच. आमच्याकडं या विषयातले खरे जाणकार म्हणजे 'हे'. बँकेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण कुणाच्याही घरचा कागद दिसला की यांचा चष्मा आपोआप नाकावर येतो. व्हरांड्यात पेपर वाचायचं सोंग चालू होतं. 'कागदावर दोन' हे शब्द कानावर पडताच पेपर खाली आला.

"अक्का, पत्र आणलंय का बेबीनं?"

पत्र मोबाइलवर आलेलं होतं. अक्कांनी मोबाइल भिंतीवरून दिला, यांनी तो हात लांब करून धरला. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "हं. म्हणजे बेबीला इथं राजीनामा द्यायचाय."

अक्कांचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं.

"राजीनामा? बदलीत कुठं राजीनामा असतो, भाऊ?"

असतो. परदेशी कंपनीची पुण्यातली उपकंपनी ही बहुतेकदा भारतात नोंदलेली प्रायव्हेट लिमिटेड असते, हॉलंडमधली तिथल्या कायद्यानं नोंदलेली. आतली जागा निघाली, अर्ज केला, मुलाखती दिल्या (घरच्याच माणसाच्या पुन्हा तीन-चार फेऱ्या मुलाखती घेतात, हे मला बेबीकडून कळलं), निवड झाली, की मग दोन रस्ते. एक, नोकरी पुण्याच्याच कंपनीची ठेवून माणूस तिकडं पाठवायचा. युरोपात त्यासाठी वेगळा परवाना असतो, मॅनेजर किंवा जाणकार माणसाला जास्तीत जास्त ३ वर्षांचा. मुदत संपली की परत यायचं. दुसरा, इथला राजीनामा, तिथलं नवं नेमणूकपत्र, तिथला पगार, तिथले कायदे. हॉलंडमध्ये अशा माणसाला 'अतिकुशल स्थलांतरित' म्हणून परवाना मिळतो आणि ५ वर्षं नीट राहिलं तर कायमचं राहायला अर्ज करता येतो. बेबीचं हे दुसऱ्या जातीचं.

"पूर्वीचं ऑनसाइट वेगळं होतं," मी म्हटलं. ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पोरगं तीन महिन्यांसाठी जायचं, बॅगेत उपम्याची पाकिटं आणि प्रेशर कुकर, रोजचा भत्ता वाचवून आईला सोन्याच्या बांगड्या आणि गल्लीला चॉकलेटं. प्रोजेक्ट संपला की पोरगं परत. त्यात राजीनामा नव्हता, शाळेचा दाखला नव्हता, सासूचं तोंड वाकडं होण्याचं कारण नव्हतं.

"पगार किती लिहिलाय भाऊ?" अक्कांनी अगदी हळू विचारलं, जणू तो आकडा त्यांना माहीतच नव्हता.

"सत्तर हजार युरो वर्षाला."

"शंभरनं गुणायचं ना?"

साधारण शंभरनंच. अक्कांनी गुणलं. सत्तर लाख! शेवग्याकडं बघत त्या क्षणभर गप्प राहिल्या. हा गुणाकार प्रत्येक आई करते आणि नेमका तिथंच थांबते. यांनी पुढचा केला. दोन खोल्यांचं बरं घर ॲमस्टरडॅमच्या जवळपास महिन्याला दोन हजार युरोच्या खाली मिळणं कठीण. म्हणजे भाडंच दोन लाख. शिवाय तिथला आयकर आपल्यापेक्षा जबर, विम्याचा हप्ता वेगळा, पाळणाघराचं बिल वेगळं. अक्का म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, तुम्ही भागाकारच करत बसता."

एक सवलत मात्र आहे, आणि ती बेबीच्या पत्रात लिहिलेली होती. बाहेरच्या देशातून मुद्दाम बोलावलेल्या माणसाच्या पगारातला ३० टक्क्यांपर्यंतचा भाग डच सरकार ५ वर्षं करमुक्त धरतं. पूर्वी ही सवलत ८ वर्षं होती, २०१९ मध्ये ५ वर आणली, आणि २०२७ पासून ३० चे २७ टक्के होणार. अर्ज कंपनीनं आणि माणसानं मिळून करायचा, तोही रुजू झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचा फायदा मिळतो. यांनी हे एवढ्या आनंदानं सांगितलं की पैसे जणू यांच्याच खात्यात जमा होणार होते.

"पण राजीनामा म्हणजे..." अक्का अजून तिथंच.

"म्हणजे हिशेब पूर्ण. पीएफ बंद करायचा की ठेवायचा ते बघायचं. बँकेत जाऊन बचत खातं एनआरओ करून घ्यायचं. पीपीएफ आहे का? असेल तर आहे तो मुदतीपर्यंत चालवता येतो, नवा काढता येत नाही. आणि ग्रॅच्युइटी..." हे थांबले. "बेबी या कंपनीत कधी लागली?"

"दिवाळीच्या पुढं-मागं. नोव्हेंबर असावा."

"किती वर्षं होतील?"

"येत्या नोव्हेंबरात पाच."

"आणि जायचं कधी?"

"सप्टेंबरात."

यांनी चष्मा काढला. आमच्या घरात चष्मा काढला की समजायचं, आता कुणाचं तरी नुकसान निघालंय. तो विषय तसाच ठेवून हे कॅल्क्युलेटर शोधायला आत गेले, आणि आम्हा दोघींना जरा मोकळं बोलता आलं.

*

"पिंट्याचं नक्की काय झालं होतं ओ?" अक्का म्हणाल्या. त्यांना सगळं माहीत आहे. पण आज त्यांना ते पुन्हा ऐकायचं होतं.

पिंट्या अमेरिकेला गेला तो एल-वनवर. हा व्हिसा १९७० पासूनचा, एकाच कंपनीच्या एका देशातल्या माणसाला दुसऱ्या देशात हलवायला. मागच्या ३ वर्षांत सलग १ वर्ष कंपनीत बाहेर काम केलेलं असलं पाहिजे, एवढी मुख्य अट. याची खरी गोडी अशी की याला लॉटरी नाही. एच-वनला वर्षाला ८५ हजारांचा कोटा, मार्चमध्ये नावं टाकायची, चिठ्ठी निघाली तर निघाली. त्यात २०२५ च्या सप्टेंबरात बाहेरून नव्यानं बोलवायच्या एच-वनवर एक लाख डॉलरची फी लावली, म्हणजे तो रस्ता आणखीच चिंचोळा. एल-वनला तसली अडचण नाही. साहेब असलात तर एल-वन-ए, ७ वर्षं. विशेष ज्ञान असलेले असलात तर एल-वन-बी, ५ वर्षं.

पिंट्या 'विशेष ज्ञान' मध्ये बसला. आमच्याकडं हा एक मोठा विनोद झाला होता, कारण बारावीला त्याला गणितात काय पडले होते ते सगळ्या घराला माहीत. व्हिसाच्या खिडकीवरच्या गोऱ्यानं त्याला विचारलं, "तुला असं काय येतं, जे आमच्याकडं कुणाला येत नाही?" पिंट्यानं सांगितलं की कंपनीच्या बिलाच्या सॉफ्टवेअरचा निम्मा भाग मी लिहिलाय, त्यात कुठं काय दडलंय ते मलाच ठाऊक. गोरा हसला आणि त्यानं शिक्का मारला. दिरांनी गल्लीत पेढे वाटले.

पुढं टेक्सासात घर भाड्यानं घेतलं, गाडी हप्त्यावर घेतली. बायकोला एल-टू. २०२१ च्या नोव्हेंबरापासून एल-टूवरच्या बायकोला किंवा नवऱ्याला कामासाठी वेगळ्या कार्डाची वाट बघावी लागत नाही, त्यामुळं सुनेलाही तिथल्या एका हॉस्पिटलच्या हिशेब विभागात नोकरी लागली. चांगली रुळली होती पोरगी. तिचा साहेब तिच्यावर खूश.

मग एका ऑगस्टमध्ये कंपनीनं पिंट्याचा सबंध विभागच गुंडाळला.

"आणि साठ दिवस," अक्का पुटपुटल्या.

साठ दिवस. नोकरी गेल्यापासून तेवढ्यात दुसरा काहीतरी मार्ग काढायचा, नाहीतर देश सोडायचा. दुसरा मार्ग म्हणजे काय? एल-वन त्याच कंपनीचा असतो, शेजारच्या कंपनीनं कितीही प्रेमानं बोलावलं तरी एल-वनवर तिच्याकडं जाता येत नाही. एच-वन पाहिजे, त्याची चिठ्ठी मार्चमध्ये, काम सुरू ऑक्टोबरात, आणि हा उभा ऑगस्टमध्ये. आणि सगळ्यात लागलं ते सुनेला. तिला कुणीच काढलं नव्हतं. तिच्या हॉस्पिटलला ती हवी होती. पण तिचा कामाचा हक्क नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. त्याची गाठ सुटली तशी हिचीही सुटली. हातातली चांगली नोकरी सोडून आली बिचारी. गाडी विकली, घराचा करार मोडला त्याचा दंड भरला, मुलगी शाळेच्या मधूनच उचलली. आता बाणेरला आहेत, दोघांना नोकऱ्या आहेत, बरं चाललंय. पण परवा सून म्हणाली, "काकू, कंपनी त्याची होती हो, संसार माझाही होता."

वर आणखी एक. तिथं पगारातून सोशल सिक्युरिटीचे पैसे कापतात. दहा वर्षांचं काम भरल्याशिवाय त्याची पेन्शन लागू होत नाही आणि एल-वन-बी संपतोच ५ वर्षांत. ते पैसे परत मिळावेत किंवा इथल्या सेवेत धरले जावेत असा करार आपला अमेरिकेशी नाही. जर्मनीशी आहे, हॉलंडशी आहे. पिंट्याचे ते डॉलर टेक्सासातल्या म्हाताऱ्यांच्या औषधाला गेले असं समजून आम्ही गप्प बसलोय.

अक्का म्हणाल्या, "तिकडं हॉलंडात पण असंच?"

एवढं नाही. बेबीनं आधीच चौकशी केलीय. नोकरी गेली तर ३ महिने मिळतात, आणि त्या वेळात सरकारच्या यादीतल्या कुठल्याही मान्यताप्राप्त कंपनीनं घेतलं तर परवाना पुढं चालू. जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठंही काम करायची मुभा. फक्त जोडीदाराचं कार्ड हे बेबीच्या कार्डाला बांधलेलं.

आणि इथं अक्कांनी आवाज खाली आणला. भिंतीला त्या अजून जवळ आल्या, म्हणजे मला कळलं की आता मूळ विषय निघणार.

*

"विहीणबाई बोलत नाहीत."

विहीणबाई इचलकरंजीच्या. जावई चाकणला एका गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात डिझाइनला आहेत, पगार बेबीपेक्षा कमी, पण माणूस सोन्यासारखा. बेबीचं पत्र आलं तेव्हा तेच आधी नाचले. म्हणाले, मी राजीनामा देतो, तिकडं जाऊन शोधतो काहीतरी, नाहीतर वर्षभर पोरीला सांभाळतो आणि भाषा शिकतो.

"मग विहीणबाईंना काय झालं?"

"त्यांनी कुठंतरी वाचलं, की कागदावर त्यांच्या मुलाला डिपेंडंट लिहिणार. झालं! म्हणाल्या, आमच्या सात पिढ्यांत कुणी बायकोच्या व्हिसावर गेलेलं नाही."

"सात पिढ्यांत व्हिसा तरी कुणाचा होता अक्का?"

"तेच म्हटलं मी त्यांना! आणि वहिनी, मला बोलायचं नव्हतं, पण बोलले. म्हटलं, मी कोयनानगरला गेले तेव्हा इथल्या शाळेत कायम झाले होते. चौथीचा वर्ग होता माझ्याकडं. यांची ऑर्डर आली, मी राजीनामा दिला. उजनीला परत लागले, तिथनंही ऑर्डर. पुन्हा सोडली. तेव्हा कुणी मला डिपेंडंट म्हटलं नाही, कारण कुणी काही म्हणायची गरजच नव्हती."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून अक्का शिक्षिका होत्या हे मी आज ऐकलं. पाटबंधाऱ्याच्या बदलीत सर्व्हिस बुक तेच राहायचं ते एकाचंच, एवढं मात्र लक्षात आलं. अक्कांनी पदराला हात पुसले, जणू खडू लागलाय, आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेल्या.

"आणि दाखल्याचा घोळ तुम्हाला सांगितला का?"

सांगितला नव्हता. हा तर रत्नासारखा जपून ठेवण्याचा घोळ आहे. हॉलंडात गेल्यावर तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवायचं, त्याला जन्माचा दाखला लागतो, तोही अपॉस्टिल केलेला. म्हणजे आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा. बेबीनं आईला फोन केला, "आई, माझा जन्मदाखला पाठव." अक्कांनी ट्रंक उघडली. लग्नातल्या शालूच्या घडीत दाखला होता. पिवळा पडलेला, पण शाबूत. जन्म ऑक्टोबर १९८८, मिरज. बापाचं नाव बरोबर, आईचं बरोबर. लिंग: स्त्री. बाळाचं नाव: रिकामं.

"रिकामं?"

"रिकामं म्हणजे अगदी कोरं. बारसं व्हायच्या आधीच यांनी दाखला आणला होता ना! पुढं नाव घालून घ्यायचं राहिलं."

तेव्हाच्या निम्म्या घरांत असेच दाखले आहेत, गंमत करत नाही. शाळेत नाव तोंडी घातलं, शाळेच्या दाखल्यावर दहावी, दहावीच्या सर्टिफिकेटावर पुढचं सगळं. मग बेबीचा पासपोर्ट कसा निघाला? तर त्या वेळी नियम असा होता की २६ जानेवारी १९८९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच पासपोर्टाला जन्मदाखला सक्तीचा. बेबी ऑक्टोबरची. तीन महिन्यांनी सुटली होती. सुटली ती थेट डच नगरपालिकेच्या दारात अडकली.

मग नाव घालायची धावपळ. जन्माच्या वेळी मिरजेची नगरपालिका होती, १९९८ ला सांगली-मिरज-कुपवाड मिळून महानगरपालिका झाली, जुनी रजिस्टरं तिकडं गेली. जावई दोन दिवस रजा काढून आले, प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, आधार, अक्कांची सही. जुन्या रजिस्टरात बेबीची ओळ सापडली तेव्हा जावयानं तिचा फोटो काढून बायकोला पाठवला, खाली लिहिलं, 'अखेर तुझा जन्म झाला.' हे अक्कांनी मला मोबाइलवर दाखवलं. मी म्हटलंच, हा जावई व्हिसा कुणाचाही असो, कामाचा आहे.

लग्नाचा दाखला, नातीचा दाखला, सगळ्यांना तेच दोन-दोन शिक्के. कंपनीनं एजंट दिलाय, पण एजंट कागद नेतो, शालूच्या घडीतनं काढून देत नाही.

*

घराचं ऐकून तर मी पदर तोंडाला लावला. तिकडं भाड्याची घरं बऱ्याचदा उघडी-बोडकी देतात. उघडी म्हणजे किती? फर्निचर नाही, दिवे नाहीत, पडदे नाहीत हे मी समजू शकते. पण जमिनीवर फरशीही नाही! खाली नुसता सिमेंटचा कोबा. आधीच्या भाडेकऱ्यानं लाकडी पट्ट्या टाकलेल्या असतात, तो जाताना उचलून घेऊन जातो किंवा नव्याला विकतो.

"म्हणजे घरभाडं दोन लाख आणि पायाखाली काही नाही," अक्का म्हणाल्या. "मी बेबीला म्हटलं, शहाबादी घेऊन जा इथनं."

कंपनी पहिले काही आठवडे सजवलेली जागा देते, तेवढ्यात घर शोधायचं. बेबीची एक मैत्रीण आम्स्टलवेनला आहे. ॲमस्टरडॅमला लागूनच ते गाव, तिथं आपली माणसं इतकी की कढीपत्त्याची चिंता नाही. पण म्हणूनच घरासाठी रांग. घरमालक पगाराचं पत्र बघतो, भाड्याच्या तिप्पट पगार आहे का विचारतो, आणि मग दोन महिन्यांपर्यंतची अनामत घेतो. डॉक्टरचं तर विचारूच नका. ताप आला म्हणून फोन केला की आधी बाई फोनवर दहा प्रश्न विचारणार आणि शेवटी सांगणार, पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, तीन दिवसांनी सांगा. अक्कांना यात काही विशेष वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, हे आपल्या आज्या फुकटात सांगत होत्या.

सामानाच्या खर्चाची एक अट पत्रात आहे. २ वर्षांच्या आत कंपनी सोडली तर विमानाची तिकिटं, सामान, ती सजवलेली जागा, सगळ्याचे पैसे परत द्यायचे. आणि कंपनीनंच काढलं तर? पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही. मी बेबीच्या जागी असते तर हेच आधी लिहून मागितलं असतं. पत्र लिहिणारे आपल्या बाजूच्या सगळ्या शक्यता मांडतात, आपल्या घरच्या शक्यता आपणच मांडायच्या असतात.

तेवढ्यात हे कॅल्क्युलेटर घेऊन बाहेर आले. कागदावर आकडेमोड झाली होती.

"मूळ पगार महिना एक लाख धरला. भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५ वर्षं. दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. ग्रॅच्युइटी. नोव्हेंबरपर्यंत थांबली तर हातात, सप्टेंबरात गेली तर ती मिळेलच असं नाही."

"तीन लाख!" अक्कांनी शेवग्याच्या खोडाला धरलं. "मग नोव्हेंबरलाच जाऊ दे."

"थांबा की. सप्टेंबरातच जायला का सांगितलं असेल? नोकरीसाठी देश सोडणारा माणूस एप्रिल ते मार्चच्या वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर त्या वर्षी तो इथल्या आयकराला अनिवासी. म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत विमानात बसायचं. नोव्हेंबरात गेली तर हॉलंडचा पगारही इथल्या रिटर्नमध्ये दाखवा. दोन देशांचा करार आहे, कर दोनदा पडत नाही, पण कागद दुप्पट."

"म्हणजे इकडं आड, तिकडं विहीर," मी म्हटलं.

"तसं नाही. कंपनीकडून एक ओळ लिहून घ्यायची, की पुण्याची सेवा सलग धरली जाईल. निदान ग्रॅच्युइटीइतकी रक्कम तरी द्या म्हणायचं. कंपनी तीच आहे म्हणतात ना? मग सिद्ध करा म्हणावं."

एरवी मी यांच्या बाजूनं बोलत नाही. पण या वाक्याला मी मनातल्या मनात टाळी दिली.

अक्कांनी तिथंच फोन लावला, स्पीकरवर. बेबी गाडीत होती, मागं हिंजवडीचे हॉर्न. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "काका, ग्रॅच्युइटीचं मला माहितीय. मी विचारलंही होतं. सेवा सलग धरणार नाही, पण जॉइनिंग बोनस म्हणून थोडा भाग देतायत. आणि नोव्हेंबरपर्यंत जागा धरून ठेवायला तिकडचा मॅनेजर तयार नाही. त्याच्याकडं तिथलीच दोन माणसं रांगेत आहेत. शिवाय हिला ऑक्टोबरात चार पूर्ण होतात. तिकडं चौथ्या वाढदिवसापासून शाळेत घेतात, सरकारी शाळा, फी जवळजवळ नाही. शाळेत गेली की पाळणाघराचा खर्च निम्म्यावर. मी हिशेब केलाय."

हे काही बोलले नाहीत. बँकेत असताना एखाद्या कारकुनानं जमाखर्च बिनचूक आणून दिला की यांचा चेहरा असाच व्हायचा.

"आणि आई," फोनमधून आवाज आला, "तू ऑक्टोबरात ये. शाळा दुपारी लवकर सुटते, बुधवारी तर आणखी लवकर. मला सुरुवातीला कुणीतरी घरात लागेल."

"किती दिवस?"

"नव्वद. १८० दिवसांच्या कुठल्याही काळात नव्वदच राहता येतं तुला."

फोन बंद झाला. मग अक्कांनी बोटांवर मोजायला घेतलं. दसरा इथं करून निघायचं, दिवाळी तिकडं, संक्रांतीला परत. तिळगूळ इथलाच. शेवग्याला पाणी मी घालायचं, शेंगा मी काढायच्या, किल्ली माझ्याकडं. थंडीचा कोट जाऊबाईंचा पडलाय, एका काश्मीर ट्रिपला घेतलेला, तो चालेल का? यांनी लगेच शेंगेन व्हिसाला प्रवास विमा किती रुपयांचा लागतो ते सांगायला तोंड उघडलं, मी यांना हातानंच आत जा म्हटलं.

"पण अक्का, नव्वद दिवसांनंतर काय? पोरीला तर वर्षभर कुणीतरी लागणार."

"पुढचे नव्वद विहीणबाईंचे. दर माणशी नव्वद असतात ना. मी संक्रांतीला परत आले की त्यांनी जायचं."

"त्या जातील? बोलत नाहीत म्हणालात ना?"

"माझ्याशी बोलत नाहीत." अक्का हसू दाबत भिंतीवर रेलल्या. "जावयांनी सांगितलं परवा. विहीणबाईंनी मे महिन्यातच पासपोर्ट काढून ठेवलाय. तोही तत्काळमध्ये."